पाटाकडेचा रस्ता

डॉक्टर हेमचंद्र कर्णिकांनी जर्सी सिटीची नोकरी सोडून युटामधल्या एका डोंगरी खोऱ्यात जायचं ठरवलं, तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. ट्रॉयला राहणारा त्यांचा मित्र चंद्रशेखर फोनवर म्हणाला, की तिथे गणपतीच्या आरतीला टाळ वाजवायलाही दुसरा माणूस मिळणार नाही. पण मोठ्या हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्यांना हेमचंद्र कंटाळले होते, मुलगी सुलेखा बोस्टनला कॉलेजात गेली होती, आणि एबरली नावाच्या त्या गावातल्या लहानशा हॉस्पिटलाला भूल देणारा डॉक्टर हवा होता. एकोणऐंशीच्या सप्टेंबरात ते आणि त्यांची बायको वसुधा तिथे राहायला गेले.

शंभरेक वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी ते खोरं वसवलं होतं. उतरत्या छपरांची लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, आणि मागे ऐन जूनमध्येही डोक्यावरचं बर्फ न सोडणारे डोंगर. गावात पाववाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांची आडनावं स्विस होती. खोऱ्याच्या मधोमध हायवे जात होता आणि त्यावरून लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक दिवसभर धडधडत. कर्णिकांचं घर हायवेला लागून, गावापासून चार मैलांवर होतं. मधे एक मोठा ओढा आणि त्यावर पूल.

वसुधाकडे लायसन्स होतं, पण न्यू जर्सीत एकदा दोन ट्रकांच्या मधे सापडल्यापासून स्टिअरिंग धरलं की तिच्या तळव्यांना घाम सुटायचा. हेमचंद्र सकाळी गाडी घेऊन जात ते संध्याकाळी येत. पहिला हिवाळा तिने दोन स्वेटर विणून आणि खिडकीतून ट्रक बघून काढला. आपल्याला इथे करमत नाही असं ती नवऱ्याला म्हणाली नाही, पण चार घास कमी जेवायला लागली.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर शेजारच्या शेतकऱ्याने गोठा आवरायला काढला आणि नको असलेलं सामान रस्त्याकडेला मांडलं. त्यात एक सायकल होती. त्याचा मुलगा शाळेत असताना तिच्यावरून घरोघर पेपर टाकायचा. रंग उडालेला, चाकं जाड, आणि मागे पोतंभर ओझं पेलेल असं लोखंडी कॅरिअर. वसुधाने घंटी वाजवून बघितली. नागपूरला कॉलेजची चार वर्षं तिने सायकलवर काढली होती, धाकट्या बहिणीला, पद्मिनीला, मागे डबलसीट बसवून. त्याला आता वीसहून जास्त वर्षं होऊन गेली होती. ती सायकल हाताने ढकलत घरी घेऊन आली आणि अंगणात तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला ती गाणं गुणगुणत होती.

हायवेवरचा पहिला प्रयत्न मात्र फसला. एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने ती सायकलसकट गवतात गेली. उठून, पंजाबी ड्रेस झटकून ती उभी राहिली तेव्हा समोर एक कच्ची वाट दिसली. ती वाट डोंगराच्या पायथ्याशी शेतीच्या पाण्याच्या पाटाला जाऊन मिळत होती. पाटाचा बांध सपाट होता, सायकल सहज जाईल एवढा रुंद. वसुधा त्याच्यावरून निघाली. एका बाजूला झुळझुळ वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला पॉपलरच्या उंच झाडांची रांग. अर्ध्या तासात तिला एकही गाडी भेटली नाही. भेटली ती एक गाय, आणि तिनेही रस्ता दिला.

त्यानंतरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत वसुधाने ते सगळं खोरं सायकलवर धुंडाळलं. हायवे होण्याआधीचे जुने रस्ते अजून होते. शेतांच्या कडेने, कुरणांच्या मधून, दफनभूमीला वळसा घालून ते जात. दिवसातून चार गाड्या गेल्या तर खूप. कुठल्या वळणावर वारा समोरून येतो, कुठल्या घरचा कुत्रा कुंपणापर्यंतच धावतो आणि मग नुसताच भुंकतो, हे तिला कळू लागलं. कुरणांच्या तोंडाशी गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या असत. तिथे उतरून चालायचं हे ती एकदा पडून शिकली.

याच वाटांवर तिला एल्सा झोलिंगर भेटली. सत्तरीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, नवऱ्याच्या मागे वीस गाई एकटीने सांभाळणारी बाई. पहिल्या दिवशी तिने वसुधाला थांबवून विचारलं, की तू कोणाची आणि रोज कुठे जातेस. कुठेच नाही, नुसती फिरते, असं वसुधा म्हणाली. हे उत्तर एल्साला पटलं असावं, कारण तिने चहाला बोलावलं. पुढच्या आठवड्यात वसुधाने तिच्याच गाईंच्या दुधाचं श्रीखंड करून नेलं. एल्साने वाटी चाटूनपुसून परत दिली आणि तिच्या कुरणातून जायची कायमची परवानगी दिली. कुरण ओलांडलं की जुन्या चीजघरावरून येणारा रस्ता थेट हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी निघायचा. घरापासून सहा मैल भरायचे, पण हायवे कुठेच लागायचा नाही.

हेमचंद्रांना बायको हसतीखेळती झाल्याचा आनंद होता. सायकलचा मात्र फारसा नव्हता. ते दादरला वाढलेले, ट्रामने आणि पायी फिरलेले. सायकल त्यांना कधी आलीच नाही, आणि हे ते सहसा कोणाला सांगत नसत. शिवाय भूलतज्ज्ञाची बायको पेपरवाल्याच्या सायकलवर पिशवी लटकवून हिंडते, हे त्यांना कुठेतरी खटकत होतं. त्यांनी दोनदा तिला नवीन गाडी घेऊन देतो म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा तिने त्याऐवजी सायकलला नवे टायर मागितले.

त्र्याऐंशी साली हिवाळा लांबला. मे अर्धा सरला तरी डोंगर पांढरेच होते. मग एकदम ऊन तापलं आणि सगळं बर्फ एकाच वेळी खाली यायला लागलं. ओढे फुगले. गावातली माणसं वाळूची पोती भरून घराघरांपुढे रचू लागली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी कर्णिकांच्या घराखालच्या ओढ्याने पुलाच्या दोन्ही बाजूंची माती खाल्ली. पूल मधोमध उभा राहिला आणि त्याला जोडणारा रस्ता मात्र वाहून गेला. पोलिसांनी हायवे बंद केला. हेमचंद्र घरीच होते. आज सुट्टी सार्थकी लागली असं म्हणत ते पंख्याखाली आडवे झाले.

थोड्याच वेळात हॉस्पिटलातून फोन आला. एक बाई बाळंतपणासाठी आली होती, बाळ आडवं होतं आणि त्याचे ठोके मंद पडत होते. ऑपरेशन करणारे डॉक्टर हजर होते, पण भूल देणारं कोणी नव्हतं. हेमचंद्रांच्या हाताखालची नर्स रजेवर गेली होती. सॉल्ट लेकहून हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण तिथेही पुराने हाहाकार होता आणि ते कधी येईल हे कोणी सांगत नव्हतं.

हेमचंद्र फोन धरून उभे राहिले. पूल बंद आहे, मी येऊ शकत नाही, असं ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होते. वसुधा स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने ओट्यावरचा गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ आली.

"अहो, येतो म्हणून सांगा," ती म्हणाली.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "कसं येऊ? पोहत?"

"पाटाकडेने. वर जिथे ओढ्याचं पाणी पाटात सोडतात तिथे लोखंडी दार आहे. त्या दारावरून फळ्या टाकलेल्या आहेत. पलीकडे एल्साचं कुरण. त्यांना म्हणावं, एल्सा झोलिंगरच्या फाटकापाशी गाडी पाठवा."

हेमचंद्रांनी तसं सांगितलं. मग फोन ठेवून त्यांनी विचारलं, की तिथपर्यंत चालत किती वेळ लागेल. तासापेक्षा जास्त, असं वसुधा म्हणाली. तेवढा वेळ नाही हे दोघांनाही कळत होतं. बांधावरून गाडी जाणार नव्हती. मग वसुधा मागच्या दारी गेली आणि सायकल काढून उभी राहिली. कॅरिअरवर तिने उशी दोरीने बांधली होती.

"बसा," ती म्हणाली.

"वसुधा, मी पंचाहत्तर किलोचा आहे."

"पद्मिनी आणि तिची दप्तरं मिळून काही कमी नव्हती. पाय लांब ठेवा, चाकात अडकवू नका. आणि मी वळेन तेव्हा उलट्या बाजूला झुकू नका."

अठ्ठेचाळीस वर्षांचे डॉक्टर कर्णिक छातीशी बॅग धरून बायकोच्या मागे बसले. पहिल्या शंभर पावलांत सायकल नागासारखी सळसळत गेली. दोनदा वसुधाला पाय टेकावे लागले. तिसऱ्यांदा तिने त्यांना चालायला लावलं, स्वतः सायकल सुरू केली आणि धावत येऊन बसायला सांगितलं. ते जमलं. एकदा वेग धरल्यावर जाड चाकांनी आपलं काम केलं.

बांधावर ओल होती, पण माती घट्ट होती. पाटातलं पाणी काठोकाठ, चहाच्या रंगाचं वाहत होतं. वसुधा उठून पॅडल मारत होती, धापा टाकत होती, पण थांबत नव्हती. पुढे खड्डा आला की ती नुसतं "खड्डा" म्हणायची आणि हेमचंद्र दात आवळायचे. एका बाजूने पॉपलर मागे जात होते. खाली हायवे रिकामा पडला होता. त्यांनी चार वर्षं तो एकच रस्ता बघितला होता.

"हे सगळं इथेच होतं?" त्यांनी विचारलं.

वसुधाकडे बोलायला श्वास नव्हता. तिने मान हलवली.

पाटाच्या दारापाशी ओढ्याचा आवाज इतका होता, की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पाणी फळ्यांच्या खालून वीतभर अंतरावरून उसळत होतं आणि फळ्या भिजून काळ्या झाल्या होत्या. एका बाजूला आधाराला नळी होती. हेमचंद्र ते बघून थबकले. वसुधाने आधी एकटीने अर्ध्यावर जाऊन पाय आपटून बघितला, परत आली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "पाण्याकडे नका बघू. माझ्या वेणीकडे बघा." मग तिने सायकल पुढे रेटत नेली आणि तिच्या मागून एका हाताने नळी आणि एका हाताने बॅग धरून ते आले. पलीकडच्या गवतावर पाय लागल्यावर त्यांनी आधी घड्याळाकडे नाही, बायकोकडे बघितलं. तिच्या गालावर चिखलाचे शिंतोडे होते आणि ती हसत होती.

एल्सा गाईंना उंचावर हाकत होती. दोघांना बघून ती काही न विचारता फाटकाकडे धावली. तिचा ट्रक गावात वाळूची पोती वाहायला गेला होता. हॉस्पिटलातून गाडी आली नाही का, असं वसुधाने विचारलं. आली नाही, एल्सा म्हणाली, आणि फाटक सताड उघडून धरलं.

गाडी का आली नाही ते पाऊण मैलावर कळलं. चीजघराच्या वळणावर शेतातलं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि त्या चिखलात हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाची लांबलचक गाडी दारांपर्यंत रुतून बसली होती. व्यवस्थापक, केलर नावाचे एक गोल चेहऱ्याचे गृहस्थ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्याशेजारी उभे होते. डॉक्टरांना कॅरिअरवर बघून ते दुमडलेली पँट खाली ओढायला लागले. वसुधाने रस्त्याच्या कडेच्या गवताळ पट्ट्यावर सायकल घातली. तिथे जमीन घट्ट असते हे तिला माहीत होतं. "गुड आफ्टरनून, मिस्टर केलर," मागून हेमचंद्र म्हणाले, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

त्यानंतर उतार होता. दफनभूमीच्या कडेने तो रस्ता सरळ गावात जातो. वसुधाने ब्रेक सोडले. पंचवीस वर्षांत एवढ्या ओझ्यासकट तिने उतार घेतला नव्हता. वारा कानांत भरला, मडगार्ड खडखडू लागलं, आणि हेमचंद्रांनी बॅगेसकट तिच्या कमरेला मिठी मारली. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. अर्थात तिथे चारचौघं नव्हतेच. होते ते एल्साच्या सासरचे जुने झोलिंगर, आणि ते शांत झोपले होते.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी एक नर्स वाट बघत होती. सायकल पूर्ण थांबायच्या आत हेमचंद्र उतरले, एक पाऊल लंगडले आणि आत धावले. दोरी सुटलेली उशी अजून त्यांच्या पँटला अडकलेली होती. नर्सने ती काढून वसुधाकडे दिली.

वसुधा मागच्या पायरीवर बसली. कोणीतरी तिला पाणी आणून दिलं, कोणीतरी कॉफी. बाळंतिणीचा नवरा, मेंढ्या पाळणारा एक उंच तरुण, आतबाहेर करत होता. तो तिच्याशेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने तिने त्याला आपली कॉफी दिली आणि त्याने ती घेतली.

मग आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण रागावलेला. तो तरुण उठला तेव्हा कॉफी दोघांच्या अंगावर सांडली. मुलगी झाली होती. आई शुद्धीवर यायला वेळ होता, पण तिला धोका नव्हता. हेमचंद्र बाहेर आले तेव्हा अंगात हिरवे कपडे आणि पायात तेच चिखलाचे मोजे होते. ते पायरीवर बायकोच्या शेजारी बसले. बाळाचा पहिला श्वास यायला वेळ लागला, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर माहीत नाही." आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिले. हँडल आवळून तळव्याला फोड आला होता. त्यांनी आत नेऊन त्यावर स्वतः पट्टी बांधली. नर्सला हात लावू दिला नाही.

ती रात्र दोघांनी हॉस्पिटलातच काढली. सकाळी वसुधाने बोस्टनला फोन करून सुलेखाला सगळं सांगितलं. सुलेखाने आधी "मॉम, यू डिड व्हॉट?" असं विचारलं आणि मग बाबांना द्यायला सांगितलं, कारण तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. सुलेखाकडून ही बातमी जर्सी सिटीला गेली, तिथून ट्रॉयला. चार दिवसांनी चंद्रशेखरचा फोन आला तेव्हा त्याच्यापर्यंत पोचलेल्या गोष्टीत वहिनींनी हेमचंद्रांना पाठीवर घेऊन नदी पार केली होती. खरं काय ते हेमचंद्रांनी सांगितलं. यार, मग पोहणंच बरं होतं, चंद्रशेखर म्हणाला.

गावात तर विषय पुरला तो जुलैपर्यंत. पाववाल्याने वसुधाकडून पैसे घ्यायला नकार दिला. केलरसाहेब तिला बघितलं की टोपी काढत. हेमचंद्रांना हॉस्पिटलच्या आवारात कोणीही गाठून, आज कोणाच्या मागे बसून आलात, असं विचारायचं. वसुधाला वाटलं होतं की ते चिडतील. पण त्यांनाच ती गोष्ट सांगायची गोडी लागली, आणि दर वेळी उतार थोडा जास्त तीव्र होत गेला.

जुलैच्या एका शनिवारी त्यांनी चहा पिताना सहज विचारलं, की या वयात सायकल शिकता येते का. वसुधाने कप खाली ठेवला. थट्टा करावीशी तिला फार वाटत होती, पण तिने केली नाही. येते, एवढंच म्हणाली.

शिकवणी एल्साच्या कुरणात झाली, कारण तिथे गवत मऊ होतं आणि बघणारं कोणी नव्हतं. गाई सोडून. एल्सा स्वतः कुंपणावर बसून सूचना देत होती, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या आजीकडून आलेल्या जर्मनमध्ये. वसुधा मागून कॅरिअर धरून पळायची. हेमचंद्र पडत, उठत, चष्मा पुसत आणि पुन्हा बसत. माणसाला बेशुद्ध करून परत शुद्धीवर आणणं यापेक्षा सोपं आहे, असं ते एकदा गवतात आडवे पडून म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात वसुधाने हात सोडला आणि त्यांना सांगितलं नाही. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं. ती लांब, एल्साशेजारी कुंपणाला टेकून उभी होती. ते ताबडतोब पडले. पण पडून झाल्यावर दोन्ही हात वर केले.

ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःसाठी निळी सायकल घेतली. हायवेवर नवा पूल झाला होता आणि ट्रक पुन्हा धडधडू लागले होते, पण गुरुवारी आणि रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, हेमचंद्र त्या बाजूला फिरकत नसत. वसुधा पुढे, ते मागे, असे दोघं निघत. चढ आला की ते उतरून चालत आणि तीही त्यांच्याबरोबर उतरे. हॉस्पिटलच्या, सुलेखाच्या, काहीही गप्पा मारत दोघं सायकली ढकलत. एवढा वेळ बोलायला त्यांना जर्सी सिटीत कधी मिळाला नव्हता.

सप्टेंबरातल्या एका रविवारी ते चीजघराच्याही पुढे गेले. तिथे रस्त्याला फाटा फुटतो. उजवीकडची वाट वसुधाच्या पायाखालची होती. डावीकडची पिवळ्या पडू लागलेल्या झाडांमधून वर डोंगरात शिरत होती. ती कुठे जाते हे तिला माहीत नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं.

हेमचंद्रांनी सायकलवरून न उतरता एक पाय टेकला आणि त्या वाटेकडे जरा वेळ बघितलं. डबा आणलाय ना, असं त्यांनी विचारलं. आणलाय, ती म्हणाली, थालीपीठ आणि लोणी.

"मग चल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्या पुढे निघाले.